प्लॅस्टिकातली चिठ्ठी

(दुष्काळाचं वर्ष, वैशाखातली सकाळ. नेकनूरच्या बसथांब्यासमोरचं औषधाचं दुकान. आत मालक गुरुलिंगआप्पा. समोर गुरांच्या छावणीतून तडक आलेली मुक्ताबाई, पायाशी कपड्यांची पिशवी.)

मुक्ताबाई : वाटलंच तर शटर खाली ओढा. पर माझा भाऊ आला की त्याला गोळी द्यायची न्हाई.

गुरुलिंगआप्पा : दुकान उघडून अर्धा तास झाला नाही, अन् तुम्ही शटर ओढायला सांगता. आधी बसा. पाणी घ्या.

मुक्ताबाई : पाण्याचं नाव काढू नगा. माझ्या भावानं टँकरभर पाणी रस्त्याला पाजलंय. माझ्या नरड्याखाली उतरत न्हाई.

गुरुलिंगआप्पा : ऐकलं मी ते. बाजारात लोक म्हणत होते, बिभीषण पिऊन पडला होता.

मुक्ताबाई : पिऊन? त्याच्या गळ्यात माळ हाय, आप्पा. दारूच्या दुकानावरनं जाताना नाकाला उपरणं लावतो. लई पवित्र माणूस. तुमच्या दुकानात शिरताना मातर उपरणं खांद्यावर असतं.

गुरुलिंगआप्पा : टोमणा कळला.

मुक्ताबाई : कळावा म्हणूनच मारला. आता मंगळवारचं माझ्या तोंडून ऐका. विहिरीवर टँकर भरून तो छावणीकडं निघाला. वाटंत कंबर ठणकली म्हणून बाभळीखाली गाडी उभी केली अन् गोळ्या टाकल्या. दोन म्हणतो, चार असतील. मग खाली उतरला. कशाला, तर पाण्याचा कॉक घट्ट हाय का बघायला. घट्ट करायच्या जागी सैल केला अन् चाकाला पाठ लावून बसला. बसला तो बसलाच. हिकडं छावणीत अडीचशे जनावरं दावणीला, माना वर करून रस्त्याकडं बघत्यात. शेवटी दूध सोसायटीचा राधाकिशन मोटारसायकल घेऊन हुडकायला गेला. तर चिखलात ह्यो बसलेला, डोळं मिटलेलं, अन् जवळच्या वस्तीवरच्या बाया रस्त्यावरलं पाणी पदरानं टिपून बादलीत पिळायल्या. राधाकिशन म्हणाला, ऊठ बे. तर ह्यो त्यालाच इचारतो, पोचलो का?

गुरुलिंगआप्पा : अरेरे.

मुक्ताबाई : ते अरेरे ठेवा तुमच्या बरणीत. म्या त्याच्यावर ओवी बांधली हुती, आप्पा. छावणीतल्या समद्या बाया धार काढताना म्हणायच्या. 'आभाळ रुसलं, बाई, कोण आणितो पाणी? माझा बंधू बिभीषण, मुक्या जिवाचा दानी.' बुधवारी सकाळी शेजारची छबुबाई काय म्हणाली ठाऊक हाय? 'माझा बंधू बिभीषण, डांबराचाबी दानी.' समदी छावणी हासली. म्या शेण भरत हुते. भरत ऱ्हायले.

गुरुलिंगआप्पा : मुक्ताबाई, मी गोळी दिली ती चिठ्ठीवर दिली. डॉक्टरची सही आहे, गोळीचं नाव आहे. मनानं नाही दिली.

मुक्ताबाई : किती दिवसांची चिठ्ठी?

गुरुलिंगआप्पा : सात.

मुक्ताबाई : अन् तुमच्या घड्याळात सात दिवस किती लांब असत्यात? कारखान्यावर ट्रॉलीखालचा जॅक सटकून त्याच्या कमरेला मार बसला, त्याला दोन वर्सं झाली. तुमी तर कालनिर्णय भिंतीला लावून बसलाव.

गुरुलिंगआप्पा : बोला. पण एक सांगतो. असली गोळी दिली की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारायचा असतो, म्हणजे ती चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही. बिभीषणनं माझ्याकडं आणली तीच प्लॅस्टिकात बंद. ते, लॅमिनेशन केलेली. मी शिक्का मारला, तर शाई बोटानं पुसली गेली. पुढच्या वेळी पुन्हा मारला, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा शिक्का हातातच घेतला नाही.

मुक्ताबाई : कावून?

गुरुलिंगआप्पा : कारण तो ओळखीचा. कंबर धरून उभा राहायचा. आणि गिऱ्हाईक परत पाठवायला जीभ रेटत नाही, हेही खरं. पण मला आजपर्यंत कळलं नाही, चिठ्ठीला प्लॅस्टिक करून देणारा दीडशहाणा कोण.

मुक्ताबाई : दीडशहाणी म्हणा.

गुरुलिंगआप्पा : म्हणजे?

मुक्ताबाई : म्या केली.

गुरुलिंगआप्पा : तुम्ही?

मुक्ताबाई : दोन वर्सांमागच्या दुष्काळात छावणी सुरू झाली तवा जनावरागणिक कार्ड दिलं. रोज सकाळी दाखवायचं, मग चारा. घामानं कार्डाचा लगदा हुईल म्हणून समद्या बाया झेरॉक्सच्या दुकानात प्लॅस्टिक करायला गेलत्या. मीबी गेले. पिशवीत बिभ्याची चिठ्ठी हुती, घडीवर फाटलेली. म्हणलं, डाक्टरचा कागद हाय, ह्येलाबी करा. म्हशीचं कार्ड अन् भावाची चिठ्ठी, एकाच मशीनीतनं गरम गरम बाहेर आली. घरी जाऊन त्याच्या हातात दिली. म्हणलं, जपून ठेव, आता मरूस्तवर फाटत न्हाई.

गुरुलिंगआप्पा : वाचता आलं असतं तर...

मुक्ताबाई : मला येत न्हाई. तुमाला येतं. त्याला येतं. तिघांत दोघं शिकलेले, अन् शहाणपण मलाच इचारायलाव.

गुरुलिंगआप्पा : बरोबर आहे.

मुक्ताबाई : आला बघा. चाल बघा कशी, पाय आधी निघतो अन् माणूस मागनं येतो. या मालक. तुमचीच वाट बघायलोत.

बिभीषण : आक्का, तू हितं कशाला आलीस? आंबाजोगाईची बस तिकडं लागती. आप्पा, एक पाकीट द्या. लवकर.

गुरुलिंगआप्पा : नाही, बिभीषण.

बिभीषण : चिठ्ठी हाय की. ही बघा.

गुरुलिंगआप्पा : पाहिली. दोन वर्षं उशिरा पाहिली. देत नाही.

बिभीषण : आप्पा, दोन तासांचा रस्ता. खड्डे किती. वाटंपुरत्या चार द्या. आंबाजोगाईत दवाखान्याच्या पायरीवर फेकून देतो. माळेची शप्पथ.

मुक्ताबाई : माळेला मधी घेऊ नगंस. ती बिचारी गप हाय म्हणून तिच्या नावावर काय बी खपवतोस.

बिभीषण : तुला काय कळतंय गं? तुझी कंबर मोडली का?

मुक्ताबाई : माझी मोडली असती तर शेण कुणी काढलं असतं? तू?

बिभीषण : बघा आप्पा, असं बोलती. गुरवारी मला दवाखान्यात नेलं अन् डाक्टरम्होरं सांगितलं, ह्यो गर्दुल्ला हाय.

मुक्ताबाई : म्या तसं म्हणले न्हाई. म्या इचारलं, ह्यो गर्दुल्ला झाला का? तर डाक्टरीणबाई म्हणाल्या, तो शब्द वापरू नका, आजी. ही गोळी अफूच्या जातीची हाय, थोडे दिवस दुखणं मारती, मग माणसाला धरती. आधी दोनावर भागतं, मग चार लागत्यात, मग आठ. अन् सोडली की अंगच भांडाय लागतं. आजार हाय, म्हणाल्या, अन् त्याला औषध हाय. म्या आजी न्हाई, तेवढं एक त्यांचं चुकलं.

गुरुलिंगआप्पा : मग एकदम बंद करायची का?

मुक्ताबाई : न्हाई. तीच आमची पहिली चूक. संक्रांतीला ह्यानं दोन दिवस सोडली हुती, स्वतःच्या मनानं. नाक गळतंय, अंगावर काटा, पोटात पिळा, रात्रभर पाय झाडतोय. म्या समजले, ताप भरला. काय करू, तर ह्याच्या खिशातली गोळी ह्याच्याच तोंडात घातली. म्या घातली. घटकाभरात गडी उठून बसला अन् म्हणाला, चहा टाक. मला वाटलं, पोरगं वाचलं.

बिभीषण : तवा तर देव म्हणलीस त्या गोळीला.

मुक्ताबाई : म्हणले. तुझ्यापायी कशाकशाला देव म्हणले म्या. डाक्टरीणबाईनं सांगितलंय, त्येंच्या नजरंखाली थोडी थोडी कमी करायची. पंधरा दिवस आत ऱ्हायचं, मग महिन्यातनं दोनदा दाखवायचं. कमरंला दुसरं औषध अन् व्यायाम देणार हायत. ज्यांनी सोडली ती माणसं रोज एकत्र बसत्यात, त्येंच्यात बसायचं. अन् घरचं एक माणूस संगं लागतं. आजच्या वाटंपुरतं त्यांनीच मोजून दिलंय. माझ्या पदराच्या गाठीत हाय.

बिभीषण : दे मग.

मुक्ताबाई : एक केजला. एक तिथं पोचल्यावर. मागशील तवा न्हाई.

बिभीषण : म्या केजला उतरीन. तिथं काय दुकानं न्हाईत? ही चिठ्ठी दाखवीन.

मुक्ताबाई : ऐकलं, आप्पा? म्हणून म्या त्याच्या आदी हितं येऊन बसले. चिठ्ठी काढ.

बिभीषण : न्हाई.

मुक्ताबाई : बिभ्या, काढ.

बिभीषण : आक्का, हे एवढंच हाय माझ्याकडं.

मुक्ताबाई : काय हाय एवढं त्याच्यात? जहागिरीचा कागद हाय का?

बिभीषण : माझी कंबर खरंच मोडली हुती ह्याचा कागद हाय. कारखान्यानं लिहून दिलं न्हाई. ट्रॉलीवाल्यानं हात झटकले. समदे म्हणले, थोडं लचकलं असंल. ह्या एका कागदावर लिवलंय की मला मार लागला. तो दिला की मग म्या कोण? रस्त्यात पाणी सांडणारा गर्दुल्ला. बाया ओव्या मोडून म्हणत्यात, ते मला ऐकू येत न्हाई व्हय?

गुरुलिंगआप्पा : मुक्ताबाई, जरा थांबा. मी बोलतो. बिभीषण, त्यावर काय लिहिलंय ते तू वाचलंस का कधी?

बिभीषण : गोळीचं नाव.

गुरुलिंगआप्पा : त्याच्या खाली. मीही वाचायचं टाळलं, म्हणून आज मोठ्यानं वाचतो. आण. 'कमरेला जबर मार. गोळी सात दिवस. सात दिवसांनी परत दाखवणे.' परत दाखवणे, बिभीषण. डॉक्टरला दाखवायची होती ही. तू मला दाखवत राहिलास, आणि मी बघत राहिलो.

बिभीषण : जबर असं लिवलंय?

गुरुलिंगआप्पा : जबर. डॉक्टरच्या हातचं आहे.

मुक्ताबाई : दोन वर्सं छातीशी धरून हिंडला अन् आता इचारतो, काय लिवलंय. कारखान्यानं ह्याला डायवर केला हुता का आरसा पुसायला?

बिभीषण : हास. तुला हासायलाच पायजे.

मुक्ताबाई : म्या हासत न्हाई, बिभ्या. मशीनीत म्याच घातली ती. तुला वाटतंय तेवढी म्या बी हुशार न्हाई.

बिभीषण : ...ती आप्पाकडंच ऱ्हाऊ द्या मग. पर फाडू नगा.

गुरुलिंगआप्पा : फाडत नाही. ड्रॉवरात ठेवतो. पंधरा दिवसांनी तू परत आलास की आपण दोघं मिळून तिच्या मालकाकडं, त्या डॉक्टरकडं जाऊ. परत दाखवणे लिहिलंय, तर दाखवू.

बिभीषण : पर म्या जात न्हाई आज.

मुक्ताबाई : आता काय?

बिभीषण : तू माझ्यासंगं आलीस तर चंद्रीचं काय? दोन दिवस कार्ड दाखवलं न्हाई की छावणीतनं म्हशीचं नाव कमी करत्यात. परवा हरिबाची गाय तशीच काढली. छबुबाईची स्वतःची चार जनावरं हायत, ती दोन येळा रांगंत उभी ऱ्हाईल का तुझ्यासाठी? माझ्यापायी म्हैस उपाशी ठेवायची? आदीच तहानली ठेवली.

मुक्ताबाई : त्याचा इचार म्या करून ठिवलाय.

बिभीषण : काय केलास?

मुक्ताबाई : अजून सांगितलं न्हाई कुणाला. आप्पा, हे घ्या.

गुरुलिंगआप्पा : काय आहे हे?

मुक्ताबाई : चंद्रीचं कार्ड. सकाळी सातला रांग लागती. अंगठा नगं, नुसतं कार्ड चालतं. चारा घेऊन तिच्यापुढं टाकायचा, शेण काढायचं, दोन्ही टायमाला धार काढून दूध सोसायटीत घालायचं. पंधरा दिवस.

गुरुलिंगआप्पा : मी?

मुक्ताबाई : दोन वर्सं माझ्या भावानं तुमाला प्लॅस्टिक दाखवलं. आता पंधरा दिवस तुमी दाखवा दुसऱ्याला. बघा रांगंत कसं वाटतं.

गुरुलिंगआप्पा : मुक्ताबाई, दुकान आहे माझं.

मुक्ताबाई : तुमच्या घरच्या मल्लम्माताई बसतील गल्ल्यावर. त्या बसल्या असत्या तर तिसऱ्यांदाबी शिक्का मारला असता.

गुरुलिंगआप्पा : ...हे मात्र खरं. लहानपणी आमच्याकडं दोन म्हशी होत्या. हात विसरला नसेल. द्या.

बिभीषण : आप्पा, ही चिठ्ठी अन् ते कार्ड सारखंच दिसतंय. चुकून चिठ्ठी दाखवू नगा. म्हशीला गोळ्या मिळतील.

मुक्ताबाई : बघा, जीभ अजून जागी हाय ह्याची.

गुरुलिंगआप्पा : मारकी आहे का?

मुक्ताबाई : गडीमाणसाला पाय उचलती. आधी पाठीवर हात फिरवायचा, मग ओवी म्हणायची. ओवी ऐकल्याबिगर ती धार देत न्हाई. सवय लागली तिला.

गुरुलिंगआप्पा : म्हणजे मी छावणीत, सगळ्या बायांच्या समोर, ओवी म्हणू?

मुक्ताबाई : हळू म्हणा. तिच्या कानात. कालपासनं बाया तसंबी मोठ्यानं काय म्हणत न्हाईत. छबुबाई येऊन रडून गेली, माझं चुकलं म्हणाली. म्या तिला बोलले न्हाई अजून, ती गोष्ट येगळी.

बिभीषण : बस आली, आक्का. माणसं भरपूर हायत.

मुक्ताबाई : पिशवी तू धर, तेवढी धरवंल. खिडकीकडं बस, वारा लागंल. केज येईस्तवर माझ्या गाठीकडं बघायचं न्हाई.

गुरुलिंगआप्पा : थांबा, शब्द सांगून जा. 'आभाळ रुसलं, बाई, कोण आणितो पाणी.' पुढं काय?

बिभीषण : पुढं माझं नाव हाय, आप्पा. तेवढं गाळा. दुसरं कुणाचं बी घाला.

मुक्ताबाई : नाव ऱ्हाऊ द्या, आप्पा. त्याच्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई.