उत्तराला जागा

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो. एखाद्याला आपण काही विचारलं, तर त्याच्या उत्तराला किती वेळ द्यावा? बोला ना! — बघा, मी श्वाससुद्धा घेतला नाही आणि 'बोला' म्हणालो! हाच तो रोग!

बार्शीत हेमांगी दुरुगकर नावाची बाई. कानाच्या मशिनी विकायची. दुकान नवं, जीव धास्तावलेला. सारखा मोबाइल उघड, बंद कर, पुन्हा उघड! गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज जावेत म्हणून तिनं धाकट्या भावाला, परागला बसवलं. मेसेज लिहून झाले. पराग म्हणाला, "ताई, दोन मेसेजच्या मध्ये थांबा टाकावा लागतो. किती टाकू?"

"थांबा? एसटी आहे का ती? लगेच जाऊ दे सगळे!"

गेले! धडाधड गेले!

आता त्यातलं एक गिऱ्हाईक म्हणजे केरबातात्या ढवण. खेड्यातले, वय झालेले, कानानं पार बहिरे. नुकतीच मशीन घेऊन गेलेले. दुपारी ओट्यावर बसले होते, मोबाइल थरथरला. 'नमस्कार तात्या! मशीन कशी वाटते?'

तात्या हरखले! बाईंनी नाव घेऊन विचारलं! त्यांना काय ठाऊक, विचारणारी बाई नाही, व्यवस्था आहे! चष्मा पुसला, एका बोटानं लिहायला लागले — का... ल... तोच दुसरा आला. 'दुसऱ्या कानालाही घ्या!' तो वाचतात तोच तिसरा — 'आपलं उत्तर आलं नाही!' अहो, येणार कसं? बोट हवेतच! आणि चौथा — 'शेवटची संधी!'

तात्यांनी चारही मेसेज पुन्हा वाचले. कसली शेवटची? काय चुकलं आपलं? मशीन काढून घेतात की काय? ओट्यावर बसवेना. उठले, पुन्हा बसले. शेवटी टोपी घातली आणि मिळेल त्या गाडीनं, भर उन्हात बार्शी गाठली!

हेमांगी काउंटरवर मोबाइलच बघत होती. समोर धापा टाकणारा म्हातारा!

"तात्या? काय झालं?"

तात्यांनी कानातली मशीन काढली आणि रुमालावर ठेवली. "परत घ्यायची असंल तर घ्या, ताई. पण राग नका धरू. मी लिहीतच होतो. निस्तं 'काल' लिहिलं, तवर तुमचं दुसरं आलं."

हेमांगीला काही समजेना. तिनं त्यांचा मोबाइल बघितला — आणि चेहरा पडला! तिनं हलक्या हातानं मशीन परत त्यांच्या कानात बसवली. पाणी दिलं. मग विचारलं, "तात्या, काल काय झालं होतं?"

आणि मंडळी, ती गप्प राहिली. जीव तुटत होता, मोबाइल वाजत होता, तरी गप्प!

तात्या पाणी प्यायले. तोंड पुसलं. बराच वेळ गेला. मग हसले. "काल आमची कारभारीण, सोजर, स्वयंपाक करताना गुणगुणत व्हती. लग्न झाल्यावर गुणगुणायची, मग थांबली आसं मला वाटलेलं. ती थांबलीच नव्हती, ताई! मलाच ऐकू येत नव्हतं."

हेमांगीनं मोबाइल खणात टाकला. तात्यांना गाडीत बसवून आली आणि परागला म्हणाली, "थांबा टाक."

"किती?"

"माणसाला घरच्यांशी बोलून, चहा पिऊन सावकाश लिहिता येईल एवढा! आणि उत्तर आलं की पुढचे मेसेज बंद. मी स्वतः बोलेन."

"गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ताई!"

काही गेलीही! खोटं कशाला सांगू? पहिले काही दिवस तिला घास गोड लागेना. हात आपोआप मोबाइलकडे जायचा, ती मागे घ्यायची. अशात एका सकाळी तात्यांचं उत्तर आलं. पूर्ण! 'सोजर आता माझ्याशी हळू बोलायला शिकतेय.'

हसता काय? आपण काय वेगळं करतो? देवापुढं उभे राहतो — पोराला नोकरी लागू दे! पोरीचं जमव! गुडघा बरा कर! एक मागणं पोचत नाही तोच दुसरं, वर धमकी — नाहीतर दुसऱ्या देवाला जाईन! अरे, तो बिचारा बोलणार कधी?

चला, हात जोडा. पांडुरंगाचं नाव घ्या, मनापासून घ्या! — आणि घेऊन झालं की जरा गप्प बसा.