दांड्यातला पांढरा पीळ

अगं, वाइनला मी कधी शिवले नाही, पण इथे न्यूझीलंडात, मनुरेवाला, आमच्या शेजारच्या जोनच्या वाइनच्या ग्लासांवर माझा फार जीव. इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातले, अडीचशे वर्षांचे जुने, तिच्या आजीकडून आलेले. दांड्याच्या काचेत पांढरा दोरा, मांडीवर वळलेल्या वातीसारखा पीळदार. आता जोनला दिसत नाही.

परवा गेले, तर तिचा मुलगा आत चहा करत होता. तिने माझ्या हातात ग्लास दिला आणि हळूच विचारलं, "दोरा आहे का गं आत?"

उजेडाला धरला. दांडा पाण्यासारखा कोरा. दुकानातला नवा ग्लास!

"नो थ्रेड, जोन."

"वाटलंच मला. हाताला हलका लागतो. त्यानं विकले असणार. पण त्याला बोलू नकोस हं, नाहीतर यायचाच बंद होईल."

तेवढ्यात मुलगा चहा घेऊन आला. जोनने तोच ग्लास खिडकीकडे उंच धरला.

"बघ रे, दोरा कसा सुरेख वळलाय!"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "येस, मम. लव्हली."