मिरचीवाल्याचं नाक

— अहो बसा, बसा नागसेनसाहेब! सूप पिऊन कोणी उठतं का ताटावरून? अजून मंचुरियन यायचंय, नूडल्स यायच्यात, त्याच्यावर दाल तडका अन् जिरा राईस सांगितलाय — हो, चायनीजनंतर दाल तडका, हसू नका, जालन्यात असंच खातात, पोटाला सरहद्द नसती. कल्याण येतोच आत्ता. त्याचं हे नेहमीचंच. आचारी लग्नाला गावाकडं गेला, हा एकटा, त्यात तुमचं सूप उकळलं अन् गॅस संपला. घाईघाईत नवी टाकी जोडली, अन् जोडल्यावर ध्यानात आलं की कोबी बी न्हाई, कांद्याची पात बी न्हाई. लावली फटफटी अन् पळाला मंडईत. जाता जाता म्हणाला, शेठ, तोवर हाटेल तुमच्या हवाली. हवाली कसलं, माझंच हाय समजा. उद्घाटनाचा नारळ ह्याच हातानं फुटला. अन् दिवेलागणीला मी इथं असलो तर गल्ल्यावरचा दिवा बी मीच लावायचा, अशी त्याची श्रद्धा — म्हणतो, भुजंगशेठनं काडी ओढली की त्या रात्री टेबल रिकामं राहत न्हाई.

आमच्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांची एक रीत हाय बघा. आधी ताट, मंग मालाची वानगी. पाहुण्याला उपाशीपोटी माल दाखवायचा न्हाई. का? तर उपाशी माणसाला सगळ्या जगात खोट दिसती. तुमच्या मसाला कंपनीनं तुम्हाला कशाला धाडलं, ते न समजायला मी काय कालचा धंद्यात न्हाई. मागच्या मिरचीत एक पोतं कुबट निघालं, त्याच्यापायी सगळं दळण बिघडलं, म्हणून तुम्ही आले. तुम्ही भले माणूस, तोंडानं बोलून न्हाई राह्यले, पण डोळ्यात दिसतं — ह्या म्हाताऱ्याच्या नाकावर आता भरोसा ठेवावा का न्हाई? ठेवा. बिलकुल ठेवा. तुमच्या मालकाच्या वडिलांपासून चालत आलंय, भुजंगशेठच्या नाकाखालून गेलेलं पोतं उघडून बघायचं न्हाई. मिरचीला डोळा फसतो साहेब. वरून लालभडक, आत बुरशी. नाक फसत न्हाई. मी तर म्हणतो, जेवण झाल्यावर गोदामात जायची बी काय गरज? आज आमची मंडळी बी घरी न्हाई — उषाबाई, ती धावड्याला गेली माहेरी, उद्या येती. न्हाई, तिचा गोदामाशी काय संबंध? काही संबंध न्हाई. सहज आठवलं. बसा.

खायचा नाद मला पहिल्यापासून. बाप म्हणायचा, हा पोरगा मिरच्या विकून मिरच्याच खाणार. ह्या गावात हाटेल उघडलं अन् भुजंगशेठ पहिल्या आठवड्यात गेला न्हाई, असं झालं न्हाई. चायनीज पहिल्यांदा खाल्लं ते एका हातगाडीवर, मोतीबागेकडं. त्या गाडीवाल्यानं लांबलचक नूडल्स पुढं ठेवल्या — मला वाटलं, बिचाऱ्याच्या शेवया बिघडल्यात, गुळवणी द्यायचं विसरला. वरून ती लाल चटणी. शेजवान. ताट तोंडापाशी आणलं अन् वासानंच थांबलो. म्हटलं, आरं भाऊ, ही तर आमच्या भोकरदनची मिरची! ही चीनला कवा गेल्ती? तो म्हणाला, तुमच्याच दुकानातून नेली शेठ. बघा! नांदायला गेलेली लेक सासरी वेगळं लुगडं नेसून भेटली तरी बापाला वळखू येतीच ना? तशी वळखली. अंबडच्या रस्त्याला एक ढाबा होता, तिथं मी गाडीतून उतरलो की मालक आतल्या आचाऱ्याला वरडायचा, तेल बदल रे, नाकवाले आले! एकदा शाही पनीर टेबलावर यायच्या आधी, वेटर चार पावलं लांब, मी हात वर केला — परत ने, आंबलंय. वेटर म्हणाला, चाखलं बी न्हाई शेठ. मी म्हटलं, मला चाखायची गरज न्हाई. मालकानं चाखलं अन् थुकला. आठ दिवस ती गोष्ट मोंढ्यात फिरत होती. इज्जत होती साहेब. नाकाची इज्जत. न्हाई — हाय. हाय म्हणतो मी.

काय झालं? नाक का मुरडलं? वास येतो? कसला — हां. हां, येतो ना. मला बी कवाचा येऊन राह्यला. मी म्हटलं, बघू तर खरं, पाहुण्याच्या ध्यानात येतो का. कसा वाटतो तुम्हाला? न्हाई, तुम्हीच सांगा आधी, तुम्ही पाहुणे. कुजक्या कोबीसारखा? बराबर! बराबर ओळखलं. कोबीच तो. कालचा राह्यलेला असंल मोरीपाशी, म्हणून तर कल्याण नवा आणायला गेला. तुमचं नाक बी तयार दिसतं हो, मोंढ्यात उभं केलं तर चार वर्षात नाव काढाल. — ती काच नका उघडू. ऐका, नका उघडू, बाहेर रस्ता खोदून ठेवलाय, सगळी धूळ आत येती, कल्याणनं मुद्दाम फटी सुद्धा बुजवून घेतल्या. फॅमिली हाल हाय, बायामाणसं येतात. थोडा वेळ. सवय होती वासाची. नाकाचं असंच असतं, थोड्या वेळानं समजतच न्हाई.

सूप झकास होतं, व्हय ना? जीभ जाळत जातं. मला आजकाल तेच लागतं, जळणारं. अन् वाजणारं. तुम्ही सिझलर खाल्लंय का हो? लोखंडी ताट, चर्र आवाज करत येतं — असा जीव खूश होतो! तळलेल्या नूडल्स दाताखाली कडाकडा. दाल तडका मी आता डोळ्यानं खातो, वरची तिखटाची तर्री बघत बसतो, कसली पिवळी, कसली लाल. बाकी आतमधी काय हाय काय न्हाई… म्हणजे वय झालं की माणूस असा खातो. तरुणपणी नाकानं, म्हातारपणी कानानं. तो आजार आल्ता ना, सगळ्या जगाला आल्ता, तवा सगळ्यांचंच गेल्तं — वास, चव. आमच्या घरात उषाबाईचं गेलं, महिन्यात परत आलं. कडूबाचं गेलं, आमच्या गोदामातला हमाल, त्याचं तर आठ दिवसात परत. माझं — माझं बी आलं ना! आलं. आलं बिलकुल. एकदा इतकंच झालं, गॅसवर दूध ठेवलेलं अन् मी तिथंच बसून पेपर वाचून राह्यलो होतो. उषाबाई देवळातून आली तर घरभर धूर, दुधाचा कोळसा, अन् मी राशिभविष्य वाचतोय. ती दारात उभी राह्यली. नुसती माझ्याकडं बघत राह्यली, असं बघितलं, जसं… मी म्हटलं, अगं, वाचायच्या नादात होतो. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात येऊन बसाया लागली. लोक म्हणतात, शेठाणीला धंद्याची गोडी लागली. पोतं उघडलं की आधी ती वाकती, मंग मी वाकतो. तिनं पदर नाकाला लावला की मी म्हणायचं, बाजूला काढ रे कडूबा. तसं न्हाई, म्हणजे — जोडीनं काम करतो आम्ही. जोडीनं. त्या कुबट पोत्याच्या दिवशी ती आजारी होती, इतकंच.

हे का सांगून राह्यलो मी तुम्हाला? सूप चढलं वाटतं. — काय, आवाज? सूं सूं? हो, तो येतो मला, कान तर ठणठणीत हाय. फ्रीज असंल आतमधी. जुना फ्रीज, तो कण्हतोच. तुमचं डोकं जड झालं का? चेहरा उतरला तुमचा. माझं बी जरा… भूक लागली, दुसरं काय. भुकेनं डोकं चढतं. हा कल्याण कोबी आणाया गेला का पेराया?

थांबा. हा फोन — धावड्याहून हाय. उषाबाई. राहू द्या, वाजू द्या, तिला एकच विचारायचं असतं, सकाळपासून तेच: मी आल्याशिवाय पाहुण्याला गोदामात नेऊ नका, मी आल्याशिवाय शब्द देऊ नका. बाईमाणूस उगंच घाबरतं. कट केला बघा.

काय म्हणाले? … गॅस?

हं. (हसू आलं, माफ करा.) गॅस. नागसेनसाहेब, तुम्ही माझ्या पोरासारखे, म्हणून राग न्हाई धरत. पण हा डाव माझ्यावर खेळून झालाय. दिवाळीच्या सुमाराला एक खरेदीदार आल्ता, गोड बोलणारा, ह्याच टेबलावर बसलेला. आमच्या शेजारच्या दुकानदारानं, साहेबरावानं, त्याचे कान भरलेले — भुजंगशेठचं नाक मेलं. तर त्या पाहुण्यानं मनगट पुढं केलं, म्हणाला, शेठ, अत्तर कसं हाय सांगा. मी हुंगलं. छान हाय म्हटलं, मोगरा. तो हसला. साहेबराव तर टेबलावर थाप मारून हसला. काही लावलेलंच नव्हतं हो मनगटाला! पाणी सुद्धा न्हाई! त्या दिवसापासून ते मोंढ्यात मला ‘मोगराशेठ’ म्हणतात. पाठीमागं म्हणतात, पण कान ठणठणीत हाय म्हटलं ना मी. तर तुम्ही बी आता — आधी कोबी म्हणाले, मी हो म्हटलं. आता गॅस म्हणता, म्हणजे मी परत हो म्हणावं, अन् मंग तुम्ही हसावं, अन् जाऊन मालकाला सांगावं की म्हाताऱ्याला जे म्हणाल त्याचा वास येतो. न्हाई साहेब. ह्या खेपेला मी ठामपणे सांगतो. गॅस न्हाई. माझ्या नाकाची साक्ष हाय, चाळीस वर्षं ज्या नाकावर मोंढा चालला, त्याची. कोबी हाय हा.

उठू नका. दाराकडं कुठं चालले? अहो, असे ताटावरून निघून गेले तर मी समजू काय? सौदा मोडला असंच ना? समोरच्या पानाच्या ठेल्यावर लोक बसलेत, ते बघतील — भुजंगशेठचा पाहुणा न जेवता पळाला. उद्या सगळ्या मोंढ्यात होईल. मिरची विकली न्हाई तर न्हाई, ती पुढच्या साली बी पिकंल. पण एकदा नाक गेलं म्हणून नाव झालं, तर मिरचीवाल्याकडं राहतं काय? मला घरी बसवतील हो. गादीवर उषाबाई, अन् मी ओट्यावर पेपर वाचत, दूध करपत…

ऐका. एक काम करू. दिवेलागण झालीच हाय, कल्याणचा दिवा मला लावायचाच हाय. तुमच्या मनातला शक बी त्यातच फेडू. हे बघा, गल्ल्यावर उदबत्तीचे दोन पुडे हाय, एक चंदन, एक गुलाब. मी डोळे मिटून पाठ फिरवतो, तुम्ही कोणती बी एक काढून माझ्या हातात द्या, मी पेटवतो, अन् एका हुंगण्यात सांगतो. चुकलो तर तुम्ही खुशाल जा, गाडीपर्यंत मी पोचवतो. बराबर सांगितलं तर हात मिळवायचा, अन् वानगी बघायची न्हाई. मर्दाचा सौदा. चंदनाची काडी जाड असती अन् गुलाबाची — न्हाई, ते सोडा, ते उगंच तोंडातून आलं.

द्या ना. का न्हाई देत? तोंडाला रुमाल कशाला लावला? अहो, हात सोडा माझा. सोडा म्हणतो! वयानं मोठा हाय मी तुमच्याहून. वरडू नका, बाहेर आवाज जातो, लोक बघून राह्यले. बरं, तुम्ही न्हाई देत तर मीच घेतो, ही घेतली, न बघता घेतली, अन् डोळे मिटले, हे बघा, घट्ट मिटले. आता तुम्ही हसणार न्हाई. आता कोणीच —

सर्दावलीय काडेपेटीतली काडी. पहिली पेटतच न्हाई. थांबा, जाऊ नका, दुसरी ओढतो —