रुमालानं मोजलेला लिंब

चहा घ्या, पण आधी हे ऐका. वालूरच्या सखूमावशीचा पोखरलेला लिंब पाडायची तहसीलची इजाजत आली. पलीकडं विहीर, म्हणून तो तिच्या घराकडंच पाडावा लागणार होता.

"घर मोडलं तर शेरडं घिऊन कुटं जाऊ?"

मी कापडवाला. चौकोनी रुमाल समोरच्या कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला, खालची कड आडवी सरळ धरली, तिरक्या घडीवरून शेंडा दिसेपर्यंत मागं सरकलो. "इथून बुंध्यापर्यंतचं अंतर, वर डोळ्यापर्यंतची माझी उंची, एवढाच लिंब. घर त्याहून लांब, लागत नाही."

"मग शेटजी, तुमी घरात बसा."

बसलो. कुऱ्हाडी सुरू झाल्या तशी तीही आत येऊन बसली. लिंब कडाडून पडला. शेंडा अंगणातच राहिला.

"मावशी, भरवसा नव्हता तर आत कशाला आलीस?"

"गनित चुकलं असतं तर तुमच्या बायकोला कोन्त्या तोंडानं सांगू?"