बेचाळीस अध्यायांचं आकाश

मंडळी, मृदंग जरा विसावू द्या. टाळही खाली ठेवा. आधी एक प्रश्न सोडवा, नाचायचं मग बघू!

देवानं तुम्हाला-मला जन्माला घातलं. बरोबर? मग सांगा, दाव्याला बांधून घातलं की कुरणात मोकळं सोडलं? सगळं कपाळावर लिहिल्याप्रमाणेच होणार असेल, तर चांगलं वागायचं कशाला? आणि काहीच लिहिलेलं नसेल, तर जायचं कुठं? बोला! ...गप्प? चहाच्या टपरीवर तर सगळ्यांना सगळं कळतं!

या प्रश्नावर मोठमोठे शास्त्री भांडले. आणि अलीकडे, याच प्रश्नावर नाशकातल्या एका ऑफिसात दोन माणसं भांडली. ती शास्त्री नव्हती. ती व्हिडिओ गेम बनवणारी माणसं होती! हसू नका. मागच्या रांगेतल्या काकांना वाटलं, महाराजांची गाडी घसरली. काका, मघापासून तुमच्या खिशात जे टिंग-टिंग वाजतंय, ते काय भजन आहे?

तर ऐका.

गेमचं नाव 'ताराभ्रमण'. यात खेळणाऱ्यानं सोंग घ्यायचं. आपण व्हायचं अंतराळयानाचे कप्तान! आपल्या ग्रहाचा सूर्य विझत चाललाय, आणि तारे पालथे घालून नवी ज्योत आणायची. कल्पना झकास. बनवणारी माणसं अकरा, आणि त्यांची चार वर्षं त्यात गेलेली.

गोष्ट लिहिणारा होता निरंजन उपासनी. निरंजन म्हणजे ज्याच्यावर डाग नाही असा. याच्यावर एकच डाग होता — 'मला कळतं!' आधी नाटकं लिहायचा. नाटकात प्रेक्षक खुर्चीत बसतो, उठून नायकाला म्हणत नाही, 'अहो, तिकडे नको, इकडे चला.' त्यामुळे याला सवय लागलेली, सगळ्यांनी आपण दाखवू तेच बघायचं! त्यानं गोष्टीचे बेचाळीस अध्याय पाडले. पहिला संपल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडणार नाही. आणि बेचाळिसाव्यात शेवटच्या ग्रहावरचा म्हातारा दीपरक्षक ज्योत हवाली करतो आणि अकरा मिनिटं बोलतो. अकरा मिनिटं! ते भाषण लिहिताना निरंजन स्वतःच रडला होता. मंडळी, दुसऱ्याच्या दुःखावर रडणारा माणूस बरा. स्वतःच्या लिखाणावर रडणाऱ्यापासून चार हात लांब राहा!

पलीकडच्या टेबलावर ऋजुता बोरस्ते. नावाचा अर्थ सरळपणा, आणि बाईंचा सगळा जीव वाकड्या वाटेत! ती त्या खेळाचं आकाश बांधायची. ग्रह, डोंगर, वादळं, सगळं तिच्या हातचं. ती म्हणायची, "माणसाला सँडबॉक्स द्या." म्हणजे काय? वाळूची पेटी! मुलांना वाळूत सोडतात ना — बांधा किल्ला, नाहीतर खड्डा खणा, तुमची मर्जी. तसं.

"माणसं गोष्ट ऐकायला येतात," निरंजन म्हणायचा.

"माणसं उडायला येतात," ऋजुता म्हणायची. "तू त्यांना व्याख्यानाला बसवतोस."

"आणि तू त्यांना दगड मोजायला लावतेस."

शेवटी दोघं एकमेकांशी बोलेनात. एकाच खोलीत बसून ईमेल पाठवायचे! वा रे विद्या! ताऱ्यांपर्यंत रस्ता काढणारे हे, आणि यांना चार फुटांवरच्या टेबलापर्यंत जाता येईना.

कंपनीच्या मालकानं ठरवलं, बाहेरची साधी माणसं बोलवू आणि खेळवून बघू. त्यांत आले पुंजाजी शिरसाठ. वय अडुसष्ट. बत्तीस वर्षं एसटी चालवलेली, नाशिक ते सुरगाणा. सुनेनं नाव नोंदवलं होतं, म्हणून आले. टोपी मांडीवर ठेवली, बटणांचा कंट्रोलर स्टिअरिंगसारखा धरला आणि यान सोडलं ते असं झोकात की सगळे बघतच राहिले!

पाचव्या मिनिटाला डाव्या हाताला एक निळा ग्रह दिसला. पुंजाजींनी वळवलं. यान बोललं, "आत्ता नाही. आधी कामगिरी पूर्ण करा." पुन्हा वळवलं. "आत्ता नाही." तिसऱ्यांदा वळवलं, तर यान आपोआप सरळ झालं! पुंजाजींनी कंट्रोलर खाली ठेवला.

"काय झालं आप्पा?" निरंजननं विचारलं.

"साहेब, बत्तीस वर्सं पाटीवर लिहिलेल्या गावालाच गेलो. म्हटलं आभाळात तरी पाटी नसंल. हितं तर तुम्ही माझं स्टिअरिंगच धरून बसलात."

सगळे हसले. निरंजनचे कान लाल झाले. आणि हा विद्वान — नाटकं लिहिणारा, माणसाचं मन जाणणारा! — काय म्हणाला? "आप्पा, तुम्हाला गोष्टीतली खोली कळायची नाही. तुम्ही बस चालवलीत, गोष्टी नाही."

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला! पाहुणा म्हणून बोलावलेल्याला! पुंजाजींनी टोपी झटकून डोक्यावर घातली, इतकंच.

मालकानं मात्र पुंजाजींनी कंट्रोलर ठेवलेला पाहिला होता. बाकीच्यांचंही पुंजाजींसारखंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: गोष्ट बाजूला, आकाश मोकळं! ऋजुता खूश. दीड महिन्यात तिनं अकराशे ग्रह केले. अकराशे! यंत्राला सांगायचं, 'डोंगर पाड,' यंत्र डोंगर पाडतं. निरंजन कोपऱ्यात बसून राहिला. त्याला बेचाळीस अध्यायांचं तेवढं वाटत नव्हतं. त्याला खाई ते एकच: आता माझ्या दीपरक्षकापर्यंत पोचणार कोण?

पुन्हा माणसं बोलावली. पुंजाजी पुन्हा आले. मोठ्या मनाचा माणूस! आणि यावेळी अडवणारं कुणी नाही. निळ्या ग्रहावर उतरले. दगड. तांबड्यावर गेले. दगड. एका ग्रहावर हिरवं पाणी होतं, त्याच्या पलीकडे दगड! पंचवीस मिनिटं फिरले. मग ऋजुतानं मोठ्या आशेनं विचारलं, "कसं वाटलं आप्पा? आता कुठंही जाता येतं!"

"जाता येतं पोरी. पन कुठं गेलो तरी कुनी 'आलास का' म्हनत नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "ह्यात पॅसेंजर नसतात का?"

अकराशे ग्रह केले होते, पॅसेंजर एकही नव्हता!

त्यानंतर मालकानं सांगितलं, महिन्याभरात जमलं नाही तर 'ताराभ्रमण' बंद. त्या दिवशी अकरा माणसांनी डबे उघडले नाहीत. ऋजुता पडद्यावरचे आपलेच अकराशे ठिपके बघत बसली. आणि निरंजनला आधी काय वाटलं सांगू? आनंद! होय, आनंद! 'बरं झालं, तिचंही आपटलं.' मंडळी, नाक मुरडू नका. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं नाही, तेव्हा तुम्हाला जे वाटलं होतं तेच हे.

पण तो आनंद घरी पोचेपर्यंतसुद्धा टिकला नाही. कानात एकच वाक्य घुमत राहिलं: ह्यात पॅसेंजर नसतात का?

रविवारी सकाळी तो पत्ता शोधत मखमलाबादला गेला. पुंजाजी ओट्यावर बायकोबरोबर मेथी निवडत होते. निरंजन उभाच राहिला.

"आप्पा, मी त्या दिवशी फार वाईट बोललो."

"बोललात खरं," पुंजाजी म्हणाले. "बसा. देठं वेगळी काढा."

बघा, क्षमा कशी करावी! भाषण नाही, अकरा मिनिटं नाहीत. मेथीची जुडी पुढ्यात टाकली!

निवडता निवडता निरंजननं विचारलं, "आप्पा, बत्तीस वर्षं तोच रस्ता. कंटाळा नाही आला?"

"रस्त्याचा आला. मान्सांचा नाही. रोज निराळी भरायची." आणि मग पुंजाजींनी सांगितलं. एकदा घाटाखाली गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या. दवाखाना डाव्या फाट्याला, आठ मैल आत. गाडी जायची उजवीकडे. गाडीत चाळीस माणसं. एकाला लग्न गाठायचं, एकाची कोर्टाची तारीख, एक जण मयतीला निघालेला.

"मग?"

"मग काय? डावीकडं वळलो. लग्नवाला शिव्या देत होता. मयतीवाला म्हनला, माझं मानूस तर गेलंच, हिचं तरी येऊ द्या. दवाखान्याच्या दारातच पोरगी झाली. डेपोतल्या साहेबांनी विचारलं, पाटी सोडून का गेलास? म्हटलं, गाडीत बाई होती."

पुंजाजींच्या बायकोनं मान वर न करता सांगितलं, "त्या पोरीच्या लग्नाला गेलतो आम्ही."

निरंजनचा हात मेथीतच थांबला. मंडळी, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! चार वर्षं तो गोष्ट रस्त्यावर पेरत बसला होता, खुंट्या ठोकाव्यात तशी. आणि ऋजुतानं रस्ताच पुसून टाकला. गोष्ट रस्त्यावर नव्हतीच — गाडीत होती! गाडीत माणूस असला की मग डावीकडे वळा नाहीतर उजवीकडे, गोष्ट घडणारच! अडवायची गरज नाही. फक्त वळलास तर कुणाचं काय होईल, ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

सोमवारी तो ईमेल न लिहिता चालत गेला. चार फूट! ऋजुतासमोर खुर्ची ओढली.

"मी अध्याय फाडतो. तू ग्रह पुसशील?"

"किती?"

"तीस ठेव. पण प्रत्येकावर कुणीतरी राहू दे."

ऋजुतानं पडद्यावरचे ठिपके एकदा बघून घेतले. अकराशे लेकरं होती ती! मग म्हणाली, "आणि तुझा दीपरक्षक?"

निरंजन म्हणाला, "ज्याला पोचायचं तो पोचेल. आणि बोलेल एकच वाक्य."

तीन आठवडे दोघं खपली. यानात सात प्रवासी बसवले. कुणाला बहिणीकडे जायचंय, कुणी पळून आलाय, कुणी आजारी. जा कुठंही! पण तिकडे सूर्य विझतोय, तो तुमच्यासाठी थांबत नाही. आणि मागे बसलेली माणसं बघतायत, कुरकुरतायत, वाट बघतायत.

पुंजाजी तिसऱ्यांदा आले. ज्योतीच्या वाटेवर निघाले. मध्येच प्रवाशांतल्या म्हातारीनं विचारलं, बहिणीचा ग्रह इथून जवळ आहे का? यान वळवलं तर विझत्या सूर्याचे दहा दिवस जाणार होते. पुंजाजींनी हात थांबवले. बाकीच्या सहांकडे बघितलं — पडद्यावरच्या चित्रांकडे, मंडळी! — आणि वळवलं. म्हातारी उतरली. दारात एक दुसरी म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "आलीस का?"

पुंजाजींनी टोपी काढून डोळे टिपले. "पोचली, साहेब."

त्या दिवशी ते दीपरक्षकापर्यंत पोचलेच नाहीत. निरंजनचा सगळ्यात लाडका प्रसंग कुणी बघितलाच नाही. तरी त्यालाही रडू आलं, आणि यावेळी स्वतःच्या लिखाणावर नव्हे.

गेम बाहेर आला. कुणी वाखाणला, कुणी शिव्या घातल्या. ते असो.

आता तुम्ही! मघापासून त्या दोघांना मजेत हसताय. पोरगी पाळण्यात असताना तिचे बेचाळीस अध्याय कोणी लिहिले? बालवाडी, स्कॉलरशिप, क्लास, इंजिनिअर, परदेश, सोयरीक. तिनं जरा डावीकडे बघितलं की 'आत्ता नाही!' आणि बेचाळिसाव्या अध्यायात तुमचं भाषण ठरलेलं: 'आम्ही तुझ्यासाठी काय नाही केलं!' आणि ते उरलेले, पुढारलेले! 'आम्ही मुलांवर काही लादत नाही हो.' का लादत नाही? प्रेमानं? छे! लादायला शेजारी बसावं लागतं, तेवढं कोण बसणार? खोली दिली, फोन दिला, दार लावलं. झालं स्वातंत्र्य!

या मांडवात बघा. दोन पोरं या खांबाला टेकून बसलीत, आईनं दटावून आणलेली, चेहऱ्यावरूनच कळतंय. बाकीची घरी आहेत. का आली नाहीत? 'त्यांची मर्जी,' म्हणाल. त्यांना विचारलं होतंत का, 'येतोस का?' हात वर करा ज्यांनी विचारलं.

...एवढेच?

उभे राहा. आरती घ्या. प्रसाद थोडा जास्त बांधून न्या आणि घरी गेल्यावर पोरांचं दार वाजवा.