पंख्याचं राहिलेलं काम

मेहकरच्या बसस्थानकावर डोणगावच्या गाडीची वाट पाहत एक वयस्क जोडपं माझ्या शेजारी बसलं होतं. नवऱ्याच्या उजव्या हाताला पट्टी होती. बोलायला सुरुवात त्यानंच केली.

"चार वाजता लाईन जाते. तेवढ्यात पंखा लावून टाकतो."

"अजून हौस फिटली नाही का तुमची?"

"लाईन नसली का वायरले हात लावाले काय भेव, विमल?"

"परवाही नव्हती लाईन. मधातच आली अन् चिपकले ना तुम्ही!"

"मेन बंद करायचं राह्यलं, एवढंच."

"एवढंच म्हणे!"

"अन् तू त काठीच हाणली. डॉक्टरले काय सांगू, भाजलं लाईननं अन् सुजलं बायकोनं?"

"सांगा ना. कोरडी काठी होती म्हून सुटले."

"हातानं ओढलं असतं त एवढं लागलं नसतं."

"हातानं ओढलं असतं त मीही चिपकली असती. माहीत होतं मले."

"मंग त्या दिवशी एवढी रडत काऊन होती?"

"माहीत असूनही हात पुढं गेला होता माहा. तुमच्यापासून बोटभर राह्यला होता. मंग काठी दिसली."

गाडी फलाटाला लागली. दोघंही उठली नाहीत.

"विमल, त्या वायरमन दीपकले फोन लाव. मेन बंद करूनच पंखा लाव म्हणा."

"तो उद्या येईन. आज गरम होईन रातभर."

"होऊ दे. मी पुठ्ठ्यानं वारा घालतो तुले."