आबांच्या पाकिटांचा भाव

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मळवलीच्या आबांना, एक नाद आहे बघा. टपालाचं नवं तिकीट निघालं, की पहिल्याच दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट आणायचं. कपाट भरलंय नुसतं! मेव्हण्याला वाटलं, ही विकली तर ट्रॅक्टर येईल. म्हणून आबांना घेऊन आम्ही पुण्यात जुन्या तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. वाटभर आबांनी पाकिटांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

व्यापारी म्हणाला, "अहो, ही ढिगानं छापतात. घेतलीत त्या भावातही कुणी घेणार नाही."

मेव्हण्याचं तोंड पडलं. आबा मात्र एकदम खुलले आणि चहा मागवायला निघाले.

मी विचारलं, "आबा, वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशापायी, जावईबापू? लय भाव आला असता, तर तुमी एक तरी पाकीट माज्याजवळ ठिवलं असतं व्हय?"